नववा दिवा

त्या सकाळी मोजणीकाकांच्या पदरात पडणार होतं ते एवढंच, की थोरल्या मेहुण्यांचं तोंड एक दिवस बंद राहणार होतं. बढती नाही, बदली नाही, शाबासकीसुद्धा नाही. पण बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली, त्याची किंमत बाहेरच्यानं काय करावी?

मेहुण्यांना कुणी विचारलं, तुमचे भावजी विमानतळावर काय करतात, की ते गंभीर चेहऱ्यानं सांगत, "दिवे मोजतात. संध्याकाळी परत मोजतात, कुणी नेले तर नाहीत ना म्हणून." मग सगळे हसत. काकाही हसत, कारण सासरच्या माणसात न हसणं परवडत नाही.

तेच मेहुणे आता पहिल्यांदाच विमानानं येणार होते, आणि तेही भावजींच्या धावपट्टीवर. काकूंनी भावाला फोनवर बजावून ठेवलं होतं, की ह्यांनी हो म्हटल्याशिवाय विमान खाली येत नाही बरं का. एरवी ही बायकोची फुशारकी ठरली असती. त्या आठवड्यात मात्र ती बरीचशी खरी होती. धुक्यात किती लांबचं दिसतं ते मोजणारं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं, आणि काम यंत्र येण्याआधीच्या जुन्या पद्धतीनं, काकांच्या डोळ्यांवर चाललं होतं. धावपट्टीच्या कडेला एक ठरलेली जागा आहे. तिथं उभं राहायचं, कडेचे दिवे किती दिसतात ते मोजायचं, आणि आकडा वायरलेसवरून टॉवरला द्यायचा. टॉवरच्या तक्त्यात आठ दिवे म्हणजे पाचशे मीटर, नऊ म्हणजे साडेपाचशे. साडेपाचशेच्या खाली वैमानिकाला उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात शिरायचीच मुभा नाही. साडेपाचशे असतील तर यंत्रांच्या भरवशावर दोनशे फुटांपर्यंत यायचं. ती निर्णयाची उंची. तिथं दिवे दिसले तर उतरायचं, नाही दिसले तर क्षणभरही रेंगाळायचं नाही, परत वर.

काका जाऊन उभे राहिले. आठ दिवे दिसत होते. नववा कुठं असतो हे त्यांना घरच्या देव्हाऱ्याइतकं पाठ होतं. तो त्यांना दिसला असं म्हणता येणार नाही. आठवला असं म्हणता येईल.

"नऊ," काकांनी कळवलं.

विमान कॅप्टनबाई चालवत होत्या. पंधरा वर्षांचा अनुभव, आणि महिनाभरात परीक्षक म्हणून नेमणूक व्हायची होती. नव्या वैमानिकांना पास-नापास करणारी खुर्ची. साडेपाचशे ऐकून त्या खाली आल्या. दोनशे फुटांवर समोर दुधासारखं पांढरं, आणि बाकी काही नाही. नियमाप्रमाणे त्यांनी विमान वर घेतलं. इंजिनांचा आवाज काकांच्या डोक्यावरून गेला, पण धुक्यात विमान काही दिसलं नाही.

टॉवरनं पुन्हा मोजायला सांगितलं. आता सातच होते. सात सांगितले असते तरी कुणी जाब विचारला नसता. धुकं दाट झालं, एवढंच. पण मेहुणे आता अक्षरशः डोक्यावर घिरट्या घालत होते, आणि विमान दुसरीकडे गेलं असतं तर पुढची बावीस वर्षं ऐकून घ्यावं लागलं असतं. काकांनी पुन्हा नऊ सांगितले.

बाई पुन्हा आल्या, पुन्हा वर गेल्या. या खेपांत इंधन इतकं खाली आलं, की दुसऱ्या विमानतळावर त्या उतरल्या तेव्हा टाकीत नियमापेक्षा कमी उरलं होतं. मेहुणे दुपारी बसनं आले, पाय सुजलेले. चपला काढायच्या आतच म्हणाले, "भावजी, तुमचा विमानतळ चांगला आहे हो. वरून दोनदा पाहिला." काकांना पहिल्यांदाच हसू आलं नाही.

खरी गोची पुढंच झाली. बाई गेल्यावर अर्ध्या तासानं धुकं जरा विरळ झालं, खरोखरच नऊ दिवे दिसले, काकांनी नऊ कळवले आणि दुसरं विमान सुखरूप उतरलं. म्हणजे वहीत एकाखाली एक तीन ओळी, तिन्ही साडेपाचशेच्या. एकाला दिसलं, बाईंना दोनदा दिसलं नाही. कागदावरून माणूस तोलणाऱ्यांना याहून सोपं काय हवं? कंपनीनं विचारलं, दृश्यता पुरेशी असताना दोनदा का चुकलात, आणि इंधन संपत आलं तोवर का थांबलात? परीक्षकाची नेमणूक थांबली. डोळे तपासले, बनावट कॉकपिटमध्ये बसवून परीक्षा घेतली.

महिन्यानं बाई स्वतः आल्या, साध्या कपड्यांत. काकांना आधी ओळखूच आल्या नाहीत. त्यांनी काकांच्या जागेवर उभं राहून एकदा दिवे बघायची इच्छा सांगितली. काकांनी परवानगी काढली आणि घेऊन गेले. लख्ख ऊन होतं. टोकापर्यंतचे सगळे दिवे दिसत होते.

"यातला नववा कुठला, काका?"

काकांनी बोट दाखवलं. बाई बराच वेळ तिकडं बघत राहिल्या.

"टॉवरमधले म्हणाले, काकांचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ. मी तुमच्यावर शंका घेत नाहीये. माझ्यामुळे तुम्हालाही जबाब द्यावा लागला, त्याची माफी मागायला आले. फक्त मला कळत नाही, जे तुम्हाला इथून दिसलं ते मला दोनदा कसं दिसलं नाही."

सांगायचं तर हीच वेळ होती. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

"धुकं तुकड्यातुकड्यानं असतं, बाई," काका म्हणाले. "इथं दिसलं म्हणून वर दिसेलच असं नाही."

हे शंभर टक्के खरं होतं, म्हणून खोट्यापेक्षा जास्त उपयोगी पडलं. बाईंनी मान डोलावली, आभार मानले आणि गेल्या. त्या दिवशी काकांचा डबा तसाच घरी गेला. काकूंनी कारण विचारलं, त्यांनी पोट बिघडल्याचं सांगितलं.

आठ दिवस असे काढल्यावर त्यांनी एका कागदावर सगळं लिहिलं. आठ, मग सात, आणि दोन्ही वेळा नऊ का सांगितले तेही. मेहुण्यांचं नाव लिहिताना त्यांना इतकी शरम वाटली, की 'घरगुती कारण' असं घातलं. कागद साहेबांपुढं ठेवला.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "हा मी घेतला तर तुमच्या बावीस वर्षांच्या वह्या उघडाव्या लागतील. त्यांखाली सह्या माझ्या आणि माझ्या आधीच्यांच्या आहेत. चौकशी मिटलीय. घरी न्या हा."

"आणि बाईंचं?"

"त्यांचं काय? नोकरी आहे की त्यांची."

कागद खिशात घालून काका जिना उतरले, आणि अर्ध्या जिन्यात त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला हायसं वाटतंय. ते तिथंच कठडा धरून उभे राहिले. आठ दिवसांत इतकी लाज वाटली नव्हती. बाईंच्या कंपनीचा पत्ता त्यांना ठाऊक होता. पाकिटाला लागतो तेवढा वेळही होता. कागद खिशातून कपाटात गेला.

तर कुणी काय भरलं ते पाहू. मेहुण्यांनी एक दुपार भरली आणि त्या बदल्यात जन्मभर पुरेल असा विनोद नेला. साहेबांनी काहीच भरलं नाही. काकांनी थोडी झोप भरली, तीही पुढं परत मिळाली. बाईंनी परीक्षकाची खुर्ची भरली, आणि वर आणखी एक गोष्ट. त्यांच्या शेजारी बसणारे पोरगेलेसे वैमानिक कँटीनमध्ये सांगतात, की आता स्वच्छ हवेतसुद्धा दोनशे फुटांवर बाई क्षणभर त्यांच्याकडे वळतात आणि हळूच विचारतात, "तुला दिसतायत ना?"