खोली साफ करू का?

“पोस्सो पुलीरे ला कामेरा?” दारावर दोनदा टकटक करून तिनं विचारलं. ‘खोली साफ करू का?’ एवढंच. पण काळीज असं धडधडत होतं, जणू मागणी घालायलाच आली होती.

दार उघडलं. इटालियन म्हातारेबुवा आधी बघतच राहिले, मग खुशीत येऊन भराभरा बोलत सुटले. तिला त्यातलं ‘सी’ तेवढं कळलं. सी म्हणजे हो.

“नळ सोडल्यासारखे बोलत होते गं! काय म्हणाले?” ट्रॉली ढकलत जोडीदारणीनं विचारलं.

“हो म्हणाले.”

“एवढं लांबलचक हो?”

हॉटेलात बावीस वर्षं चादरी बदलणाऱ्या बाईनं पन्नाशीत इटालियनचा क्लास लावावा, याची सगळ्या मजल्यांवर थट्टा झाली होती. पण क्लासच्या बाईंनी बजावलं होतं, “वहीतली भाषा वहीतच राहते. बाहेर बोला.” तिच्यासाठी बाहेर म्हणजे हाच तिसरा मजला. परदेशी पाहुणे सगळे इथेच उतरायचे.

लेक लग्न करून इटलीला गेली, जावई तिकडचाच, आणि पाच वर्षांची नात तिकडचंच बोलायची. दर रविवारी फोनवर यायची, आजीचं दोन मिनिटं ऐकायची आणि धूम ठोकायची.

“लाजते गं ती, आई,” लेक म्हणायची.

लाजते कसली! कंटाळायची. आजीला काय कळत नव्हतं?

या रविवारी तिनं चार वाक्यं घोटून ठेवली होती. बाहुलीचं नाव काय, आज काय जेवलीस. फोन बरणीला टेकवून ती खुर्चीत ताठ बसली. पडद्यावर नातीचा चेहरा आला, पुढचे दोन दात पडलेला, आणि चारही वाक्यं पसार झाली. जिभेवर आलं ते रोजच्या सवयीचं.

“पोस्सो पुलीरे ला कामेरा?”

लेकीनं कपाळावर हात मारला. “अगं आई, तिची खोली झाडायला निघालीस की काय?”

नात मात्र हसली नाही. तिनं जरा विचार केला, गंभीरपणे म्हणाली, “सी,” आणि फोन उचलून पळाली. या खेपेला आजीला घेऊन.

पडद्यावर हेलकावत जिना गेला, निळं दार आलं. पाच वर्षांत आजीनं ही खोली पाहिली नव्हती. जमिनीभर रंगाच्या कांड्या, एकच मोजा, खिडकीत वाळत ठेवलेला लहानसा बूट. आणि बुटकी कॉट. तिच्यावरची चादर चोळामोळा होऊन अर्धी खाली लोंबत होती.

नातीनं फोन टेबलावर उभा केला. चादर ओढून काढली, तिची दोन टोकं दोन मुठींत धरली आणि पडद्याकडे तोंड करून थांबली. उरलेली दोन टोकं आजी धरील म्हणून.

आजीचे हात आपसूक पुढे झाले.