दुपारपुरती श्रीमंती

पाना फ्रीजदुरुस्तीत डिप्लोमा झाली. नुसती झाली नाही, वर्गात वरच्या नंबरात आली, आणि आज एका मोठ्या इस्पितळातल्या लशींच्या थंड खोल्या तिच्या भरवशावर चालतात. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू. अजून यातलं काहीही झालेलं नाही. पानाचं कॉलेजचं पहिलं वर्ष संपतंय, शिष्यवृत्ती पुढे चालू राहील की बंद होईल हे कुणालाच ठाऊक नाही, आणि तिच्या घराच्या दारात एक गृहस्थ सोफा आडवा घालावा की उभा, यावर सोफ्याशीच भांडतायत.

हे गृहस्थ म्हणजे तिचे बाबा. पाट्या रंगवणारे पेंटर. गावातली झाडून सगळी दुकानं त्यांच्या अक्षरांखाली उभी होती. दातांच्या डॉक्टरची पाटी आणि समोरच्या चॉकलेटवाल्याची पाटी त्यांनी सारख्याच मायेने रंगवली होती. लेकीला लहानपणी खेळणं म्हणून एक पाना हातात दिला होता. तिने तो परत दिला नाही, म्हणून तिचं नाव पाना पडलं.

"बाबा, सोफा कुणाचा?"

"शेजारच्या मावशीचा. दुपारपुरता."

"आणि फ्रीज?"

"कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा, बाटल्यांसकट. मोठ्या मनाचा माणूस आहे."

पानाने कपाळावर हात मारला. "बाबा, मॅडम येतायत त्या आपल्याला शिष्यवृत्तीची गरज आहे का, ते बघायला. तुम्ही घरात शोरूम मांडलंय!"

"पाहुणा दारात येणार आणि त्याला काय, पत्र्याच्या डब्यावर बसवू?"

"हो! तेच बघायला येतायत त्या!"

"तुला शिकवलं ते चुकलंच," बाबा म्हणाले आणि सोफा उभा घातला. तो अडकला. मग आडवा घातला. तोही अडकला. शेवटी कसा आत गेला ते आजतागायत कुणाला सांगता येत नाही.

आई बेकरीत कामाला. ती आली, तिने घरभर नजर फिरवली आणि चपला काढता काढता म्हणाली, "घर चुकलं वाटतं माझं."

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. शिष्यवृत्ती नव्हती तेव्हा पाना आईसोबत पहाटे बेकरीत पीठ मळायची, तिथून एकुलती एक बस धरायची, आणि फ्रीजदुरुस्तीच्या तासाला गॅसच्या मीटरवर डोकं टेकून झोपायची. मास्तर म्हणायचे, "मीटर शून्यावर आहे आणि पोरगीही." तिच्या बाकावरच्या दोघी पहिल्या सत्रातच घरी बसल्या. डोक्याने कमी नव्हत्या. एकीला बसभाड्याने गिळलं, दुसरीला शेळ्यांनी. म्हणजे शेळ्या सांभाळायला घरात दुसरं कुणी नव्हतं. मग पानाला शिष्यवृत्ती मिळाली. बसचा पास आला, हत्यारांची पेटी आली, बेकरी सुटली. पहाटे झोपायला मिळाल्यावर लक्षात आलं, की पोरगी वर्गात जागी असली तर मास्तरांना घाम फोडते. तांब्याची नळी झाळून जोडायला घेतली, तर सांधा असा बसायचा की मास्तर तो खिशात घालून दुसऱ्या वर्गाला दाखवायला न्यायचे.

हे सगळं आता एका सोफ्यावर टेकलं होतं.

मॅडम आल्या. शिष्यवृत्ती समितीच्या, पायी चालून दमलेल्या. सोफ्यावर बसल्या, फ्रीजकडे पाहिलं, भिंतीवरच्या दोन घड्याळांकडे पाहिलं. दोन्हींत वेगवेगळी वेळ होती, कारण दोन्ही वेगवेगळ्या घरची होती.

"छान आहे घर," मॅडम म्हणाल्या.

"आपली कृपा," बाबा म्हणाले. "थंड घेणार?"

"मॅडम, यातलं काहीच आमचं..." पानाने तोंड उघडलं.

"मुलगी लाजाळू आहे," बाबा म्हणाले. आजवर पानाला लाजाळू म्हणणारं कुणी जन्माला आलं नव्हतं, त्यामुळे ही मुलगी कोण, ते बघायला पानाने मागे वळून पाहिलं.

तेवढ्यात दारात एक घामाघूम ट्रकवाला उभा राहिला. "एक गार बाटली द्या हो. दुकानदार म्हणाला, फ्रीज आज इकडे आहे."

ट्रकवाला सरळ आत आला, फ्रीज उघडला, बाटली काढली, मॅडमकडे बघून "तुमचा नंबर आधी होता का?" असं अदबीने विचारलं आणि निघून गेला.

मॅडमनी चष्मा पुसला.

मागोमाग शेजारची मावशी पदर खोचून हजर. "भाऊजी, माफ करा, पण आमचे जावई न सांगता टपकलेत. त्यांना काय उभं ठेवू? ताई, जरा उठता का?" हे शेवटचं मॅडमना. मॅडम उठल्या. सोफा गेला; जाताना सरळ गेला, अडकलासुद्धा नाही. त्यापाठोपाठ घड्याळं गेली, मग दुकानदार हातगाडी घेऊन आला आणि बाबांच्या नजरेला नजर न देता फ्रीज घेऊन गेला. बाबांची श्रीमंती बघता बघता ओसरली. मॅडम मोकळ्या खोलीत मधोमध उभ्या होत्या.

कोपऱ्यात मात्र एक गोष्ट उरली होती. लाकडी फळी, तिच्यावर उघडलेला जुना कॉम्प्रेसर, आणि शेजारी हत्यारांची पेटी, पुसून लख्ख केलेली.

"हे कुणी न्यायला येणार आहे?" मॅडमनी विचारलं.

"नाही," पाना म्हणाली. "हे माझं आहे. तुमच्या शिष्यवृत्तीतनं घेतलेलं. मॅडम, मला पुढचं वर्ष पुरं करायचंय. बेकरीत गेले तर बस चुकते, बस चुकली तर कार्यशाळा चुकते, आणि कार्यशाळा चुकली तर मी पुस्तकातले फ्रीज दुरुस्त करणारी बाई होईन. ते कधी बिघडतच नाहीत. तुम्ही बंद केलीत तरी मी शिकणारच आहे, पण मग दोन वर्षांचं पाच वर्षांत होईल, आणि तोवर माझ्या बाकावर एकही पोरगी उरणार नाही."

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मला पटतंय गं. पण नियम आहे. घराला गरज आहे हे वडिलांनी स्वतःच्या तोंडाने सांगायला लागतं."

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे. छत काही मदतीला आलं नाही.

"बाबा," पाना म्हणाली, "सोफा उचललात ना माझ्यासाठी? मग हे एवढं उचला."

बाबा बराच वेळ बोटावरचा वाळलेला रंग नखाने खरवडत राहिले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, मी पाट्या रंगवणारा माणूस. आज पाटी जरा जास्तच झकास रंगली. आत दुकानात माल नाही." त्यांनी पानाकडे बोट केलं. "ही एक पोर सोडून."

आईने पत्र्याचा डबा पदराने पुसून पुढे सरकवला. मॅडम त्यावर बसल्या, चहा प्यायल्या आणि उठताना म्हणाल्या, "सोफ्यापेक्षा बरा आहे. त्याच्या स्प्रिंगा टोचत होत्या."

शिष्यवृत्ती चालू राहिली. पुढचं तुम्ही सुरुवातीला वाचलेलं नाहीच. पाना पहाटे बेकरीत गेली नाही, एकही कार्यशाळा बुडवली नाही, आणि शेळ्यावाल्या मैत्रिणीच्या घरी जाऊन तिच्या वडिलांना एवढं बोलली, की त्यांनी शेळ्या भावाकडे लावल्या आणि पोरीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. ती पोरगी पुन्हा बाकावर आली.

राहिले बाबा. त्यांना चैन पडेना. मंजुरी आली त्याच आठवड्यात त्यांनी ब्रश घेतला आणि दुकानाच्या पाटीला शोभेल अशा अक्षरांत, सावली-बिवली देऊन, समितीला अर्ज धाडला:

"विषय : आमची नोंद सुधारून मिळणेबाबत. महोदय, आपल्या दप्तरी आमचे कुटुंब 'गरजू' असे नोंदले गेले आहे. सदर नोंद वस्तुस्थितीला धरून असली तरी आमच्या इभ्रतीला धरून नाही. तरी आमची नोंद 'खाऊनपिऊन सुखी' अशी करावी, शिष्यवृत्ती मात्र आहे तशीच चालू ठेवावी, आणि यापुढे तपासणीस येताना समितीने बसण्यासाठी सोफा सोबत आणून तो जाताना विसरून जावा, ही नम्र विनंती."