पूजाच्या घरची पावणी

कानामागचा तो ठिपका मसुरीच्या डाळीएवढासुद्धा नव्हता... तांबडा, कडा विरलेला, आणि त्याच्या शेजारी आता दुसरा, तिसरा — शिवदास मास्तरांचा हात शाळेच्या फाटकाच्या कडीवर तसाच राहिला. वरच्या पाटीवर ‘गोवा राज्य’ ही नवी अक्षरं चढली होती, तो रंग कडीलाही ओघळला होता आणि बोटांना चिकटत होता. पोरीचे डोळे पाणावलेले, नाक वाहतंय, कपाळाला हात लावावा तर तापलेला तवा. गोवर. पोरांच्या कानामागे बघण्यात जन्म गेला, चुकायचं कारण नव्हतं.

पूजा कालच दोडामार्गाकडच्या आजोळाहून परतली होती. बाप प्रशांत खाणीवर ट्रक चालवतो, आई सोनाली तिथंच पाट्या उचलते. आताही डोक्यावर टोपली, आणि एक पाऊल कामाच्या वाटेवर.

“सोनाली, हिका आत सोडू नाका. गोवर आसा. एकाचो धा जाणांक लागता.”

“मास्तरांनू, घराक व्हरान काय करू? आमी दोघांय कामार. कुलूप लावन ठेवू चेडवाक? हयच बसूक देवा खय कोपऱ्यात. ता काय मारकुटा रेडकू हा?”

बरोबर होतं तिचं, आणि तेच वाईट होतं. कारण आत, खिडकीजवळच्या चटईवर, मास्तरांची नात गौरवी बसली होती — जन्मापासून काळजाला भोक, चार पावलं धावली की ओठ जांभळे, आणि लस टोचायचा दिवस दर वेळी तिच्याच तापापायी हुकलेला. पणजीचे डॉक्टर म्हणाले होते, हिला गोवर परवडायचा नाही... परवडायचा नाही, जसा काही बाजारातला इसवण मासा! आणि पुढं म्हणाले होते, कुठं संबंध आलाच तर त्याच दिवशी घेऊन या, सुई असते, उशीर केलात तर मग माझ्या हातात काही नाही.

मग मास्तरांच्या तोंडून ते झालं, जे नेहमीच होतं. मी काय करणार, ते स्वतःशीच म्हणत. माझी जीभ माझ्याआधी उठते. ह्याच जिभेनं एकदा गावाला पटवलं होतं की नदीतली मगर पहाटे काठावर येऊन पाववाल्या पोदेराकडून पाव घेते, आणि शिळा निघाला तर परत करते. दोघेजण तर तिला पाव घेताना बघूनही आले होते.

“बाये,” मास्तर आवाज उतरवून म्हणाले, “तुका म्हणून सांगतां. पहाटे म्हाका सपन पडलें. घाटावयल्यान एक बायल देंवताली. हिरवें लुगडें, पायांक तांबडी माती. म्हणाली, मास्तर, हांव प्रशांताच्या चेडवांत रावपाक येतां. म्हाका पाटार बसय, उंबऱ्याभायर काडू नाका.”

सोनालीच्या डोक्यावरची टोपली खाली आली.

“पावणी?”

“पावणी.”

गोवर म्हणजे अंगात राहायला आलेली देवी, घरची पाहुणी; तिनं आपल्याच लेकीला हात जोडले. पूजा रडवेली झाली. मग सोनालीनं तिला कडेवर उचललं आणि कामाची वाट सोडून ती घराकडं वळली... आणि मास्तर वर्गात शिरले ते जरा तरंगतच. डॉक्टरच्या बापाला जमलं नसतं. कोणाला दुखावलं नाही, पोरगी घरात राहिली, आई तिच्याजवळ राहिली. खोट्याला ह्याहून चांगली नोकरी कुठं मिळाली असती?

मधल्या सुट्टीत सून चंद्रावती आली. “मामा, गौरवीक व्हरतां. बेगीन हाडटां.” मास्तर फळा पुसत होते. त्यांनी मान हलवली — हलवली, कुठं नेतेस विचारलं नाही, हे नंतर किती वेळा आठवायचं होतं! सुट्टी संपली आणि चटया अर्ध्या रिकाम्या. बाहेरून खनिजाचे ट्रक जात होते, खिडकीच्या गजांवर तांबडी धूळ बसत होती.

“यशोदा, सगळीं खंय गेलीं गो?” त्यांनी उरलेल्या एका पोरीला विचारलं.

“पूजागेर. पावणी पळोवंक. आवय म्हाकाय व्हरतली, ओटीक नाल्ल हाडूंक गेल्या.”

मास्तर चालत निघाले. धावायला हवं होतं. पण धावणं म्हणजे कबूल करणं — काय कबूल करणं? अजून काही झालेलं नाही, ती शेजारच्या घरी गेली असेल, ती झोपली असेल... पत्र्याच्या खोलीपुढं चपलांचा ढीग. आत उदबत्तीचा धूर, खणानारळाची ताटं, ओळीनं बसलेल्या आया, मांडीवर धडधाकट पोरं. मधोमध पाटावर पूजा, तोंडभर तांबडी, तापानं पेंगलेली. आणि तिच्या कुशीत, गालाला गाल लावून, गौरवी.

“मामा!” चंद्रावती उठली. असा उजळलेला चेहरा तिचा गौरवी जन्मली त्यानंतर त्यांनी पाहिला नव्हता. “पावणेच्या कुशीक जें भुरगें न्हिदतलें, ताच्या काळजाचें बुराक भरतलें!”

“कोणें सांगलें हें?”

“म्हणजे? तुमच्याच सपनांत सांगलें न्हय तिणें?”

सगळ्या बायका त्यांच्याकडं बघत होत्या. बोल, शिवदास. सांग की मला स्वप्नच पडलं नाही, मी रात्रभर ढेकूण मारत होतो. दुपारची पणजीची बस अजून मिळेल, सुई मिळेल... दोन वाक्यं, एवढंच. आणि मग हा चेहरा — हा विझणार. मास्तरांनी तोंड उघडलं. धुरात गौरवीचे ओठ दिसत होते. जांभळे होते, की नव्हते? नव्हते बहुतेक... आयुष्यात आपली एकही गोष्ट आपण खरी मानली नव्हती. आणि आता ती हिरव्या लुगड्याची बाई घाटावरून पुन्हा उतरत होती, न बोलावता, आणि ती पुढं काय म्हणते हे ऐकायला शिवदास मास्तर श्वास रोखून उभे होते.