तुळईवरची मोकळी जागा

सोमाने काठी उचलून माळ्याच्या फळीला खालून दोन दणके दिले. वरची धावपळ थांबली. मग काहीतरी जड अंगाचं मधल्या भिंतीवरून पलीकडे सरकलं, आणि थोड्याच वेळात पलीकडूनही काठीचे दोन दणके ऐकू आले. गेलेलं परत आलं.

"त्या उदमांजराला तरी सांगा, ते कुनाच्या वाटनीला आलंय," भाकरी थापता थापता त्याची बायको कमळाबाई म्हणाली. "दोघं भाव चेंडू टोलवल्यासारखं टोलवताय त्याला."

सोमाला हसू आलं नाही. पलीकडे राहणारा काशीराम हा त्याचा सख्खा थोरला भाऊ. पोलादपूरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी त्यांची वाडी, आणि वाडीच्या टोकाला दोघांचं हे एकच लांबट कौलारू घर. परसातल्या फणसावरून दोघांची जुंपली, वाटणी झाली आणि घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. पण अशी भिंत घालायची ती तुळईपर्यंतच, ही वाडीची रीत. वरचं छप्पर दोघांचं एकच राहतं. त्यामुळे भावांचं बोलणं बंद पडलं तरी तुळईवरच्या मोकळ्या जागेतून एकमेकांचं सगळं ऐकू यायचं. काशीराम एकटाच राहायचा. त्याचा खोकला, त्याची भांडी, संध्याकाळची त्याची बुद्धवंदना, सगळं इकडे कळायचं. त्याने त्रिशरण सुरू केलं की इकडे कमळाबाई मेणबत्ती लावायची आणि सोमा हात जोडून बसायचा. वंदना थोरल्याने म्हणायची, हे वाटणीतही कुणी मोडलं नव्हतं.

उदमांजराने मात्र वात आणला होता. दिवेलागणीला त्याचा धुडगूस सुरू व्हायचा. माळ्यावर लेंड्या, कुजक्या फळांचा वास, सरकलेली कौलं. वनखात्याचा माणूस येऊन बघून गेला. जनावराला मारू नका, धरू नका, ते बाहेर पडलं की दोन्ही घरांच्या वळचणीची भोकं एकाच दिवशी बुजवा, असं त्याने सांगितलं. म्हणजे थोरल्याशी बोलणं आलं. सोमाने त्यापेक्षा दुसरा उपाय काढला. त्याने आपल्या बाजूची भोकं बुजवली आणि तुळईवरची मोकळी जागाच बंद करायचं ठरवलं. उदमांजर राहू दे काशीरामकडे.

"आजपातूर त्या जागेला कुनी हात लावला नाय," कमळाबाई म्हणाली. "वाडीत कुनाच्याच घरात नाय."

"कुनाच्या घरात एवढा तरास हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो फळ्या, पत्र्याचे तुकडे आणि जुनी गोणपाटं घेऊन शिडीवरून तुळयांवर चढला. ठोकाठोक सुरू झाली तसा पलीकडचा खोकला थांबला. मग अगदी जवळून, जणू काशीराम भिंतीला तोंड लावूनच उभा असावा, असे शब्द आले.

"सोमा, तुझ्या डाव्या हाताची तुळय वाळवीनं पोखारलीय. तिच्यावर पाय नको देऊ रे."

कित्येक वर्षांनी थोरल्याने नाव घेऊन हाक मारली होती. सोमाचा हातोडा हवेतच राहिला. त्याने डावा पाय हळूच उचलून उजव्या तुळईवर घेतला, पण "बरं" म्हणायला त्याची जीभ काही उचलली नाही. खाली कमळाबाई वर बघत उभी होती, तिच्याकडेही त्याने पाहिलं नाही. खिळा पुन्हा धरला आणि शेवटची फळी मारून टाकली. फटींत गोणपाट कोंबलं.

घर शांत झालं. सोमाला पहिले काही दिवस गाढ झोप लागली आणि त्याचं त्याला कौतुकही वाटलं. संध्याकाळी मात्र कमळाबाई मेणबत्ती हातात धरून घुटमळायची. वंदना कधी सुरू झाली ते आता कळायचं नाही. अखेर ती आपली आपणच मेणबत्ती लावायची, आणि सोमा काही न म्हणताच हात जोडून उठायचा.

अशाच एका संध्याकाळी, जेवायला बसायच्या आधी, भिंतीतून ठोक्यांचा आवाज आला. दबका, पण नीट कळण्यासारखा. ठक ठक. थोडं थांबून पुन्हा ठक ठक.

सोमाच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

"बघितलंस गो? आता तिकडंच नाचतंय. हाकलू दे किती हाकलायचं ते."

आणि कोपऱ्यातली काठी घेऊन त्याने भिंतीला दोन दणके परत दिले. तुझं तुझ्याकडेच ठेव, असे. पलीकडून लगेच ठोके आले, आधीपेक्षा घाईचे. सोमा हसत पानावर बसला. जेवण होईपर्यंत ते अधूनमधून येत राहिले, मग विरळ झाले.

सकाळी उन्हं अंगणात उतरली तरी काशीरामचं दार उघडलं नाही. कमळाबाईने दोनदा हाक मारली आणि मग नवऱ्याला बोलावलं. सोमाने खांदा लावून दार उघडलं. काशीराम मधल्या भिंतीच्या तळाशी पडला होता. अंगाची उजवी बाजू लुळी, डाव्या हातात काठी. काठी पोहोचत होती तेवढ्या भागातला गिलावा फुटून खाली पडला होता.

महाडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी अर्धांगवायू सांगितला. जीव वाचला होता, वाचा गेली होती. वेळेवर आणलं असतं तर, एवढं बोलून डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. दुपारपर्यंत काशीरामची मुलगी दीप्ती पनवेलहून आली. घरी डोकावून आली होती ती.

"काका, बाबा पडल्या जागेवरून भिंत ठोकत होते. गिलावा पडलाय तिथे. तुम्हाला ऐकू नाही आलं?"

कमळाबाईने पदर तोंडाला लावला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"मधी फळ्या हायत ना," सोमा म्हणाला. "नाय आलं."

आपल्या तोंडून ते कसं निघालं, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. दीप्तीचं समाधान झालं नव्हतं. ती बापावर वाकली.

"बाबा, तुम्ही ठोकलंत तेव्हा पलीकडून काहीच आवाज आला नाही?"

काशीरामने नजर सोमाकडे वळवली. त्या नजरेत राग असता तर सोमाने तो सुखाने सोसला असता. मग काशीरामने उशीवरच मान एकदा इकडे, एकदा तिकडे हलवली. नाही.

"फळ्यांनी अडला असेल आवाज," दीप्ती पुटपुटली. तिने डोळे पुसले आणि ती औषधं आणायला गेली.

सोमा खाटेशी खाली बसला.

"दादा," तो म्हणाला. "दादा, मी काल..."

काशीरामने डावा हात उचलला आणि त्याच्या तोंडावर ठेवला. दीप्ती पैशाची पिशवी विसरली म्हणून दारातून परत येत होती. ती पिशवी घेऊन जाईपर्यंत काशीरामने हात काढला नाही.