ताईने पाठवलेल्या सीडी

मास्तरांनी शाळेची नोकरी सोडली तेव्हा म्हणाले होते, वर्षभरात काम उरकेल. त्याला सहा वर्षं झाली होती. भंगारात निघालेल्या कॉम्प्युटरवरही चालेल अशी ऑपरेटिंग सिस्टीम ते एकटे लिहीत होते. खर्च भागायचा तो सीडींवर. धाकटी बहीण, जिला सगळे ताईच म्हणत, जेवणाच्या टेबलावर बसून सीडी कॉपी करायची, लेबलं चिकटवायची, पाकिटं पोस्टात टाकायची. सीडीची किंमत दोन कप चहाइतकी. घेणारे म्हणजे छोट्या शाळा, वाचनालयं, दवाखाने.

त्या वर्षी नवी आवृत्ती लांबली.

"आठवडाभर थांब," मास्तर म्हणाले. "जुन्या मशीनवर तपासायचं राहिलंय."

"तीन आठवडे झाले, तुझा आठवडा काही संपत नाही, दादा. लोक एकदा दुसरीकडे वळले की परत फिरकत नाहीत."

"मग आणखी एक जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी मास्तर दाताच्या डॉक्टरकडे गेले. ताईने त्यांच्या टेबलावरची नव्या आवृत्तीची सीडी उचलली, तिच्या कॉपी काढल्या आणि दीडशे पाकिटं पोस्टात टाकून आली. संध्याकाळी त्यांनी विचारलं तेव्हा सहज म्हणाली, "जुन्याच आवृत्तीच्या ऑर्डरी साठल्या होत्या."

चार दिवसांनी मास्तर सकाळीच खुशीत स्वयंपाकघरात आले. "बरं झालं थांबलो. काही मशीनवर अख्खी डिस्कच पुसली जात होती. सापडली चूक."

 ताई तेव्हाच बोलली असती तर पुढचं नुकसान तरी टळलं असतं. पण ती भांडी घासत राहिली. कुणी अजून मशीनवर टाकली नसेल, असं ती स्वतःला बजावत राहिली.

दोन दिवसांनी एका दवाखान्यातून फोन आला. सगळ्या पेशंटची माहिती गेली होती. मास्तरांना वाटलं, जुन्याच सीडीत दोष. ज्या आवृत्तीवर त्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला होता, तिची ओळ न् ओळ ते तपासत बसले. काहीच सापडेना. जेवणखाण सुटलं. शेवटी म्हणाले, "मी तिथे जातो. जेवढं कागदावर असेल तेवढं पुन्हा भरून देतो."

ताई बरोबर गेली. दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी एक कपाट उघडून दिलं. "ही जुनी कार्डं. मशीन आल्यावर कागद बंद केले. मागच्या दोन वर्षांचं काही नाही." रागावले नाहीत, बसा असंही म्हणाले नाहीत.

ती कार्डं वाचायची, मास्तर टाइप करायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने हातातलं कार्ड खाली ठेवलं.

"दादा, ती नवी सीडी होती. तू तपासायच्या आधीच मी पाठवली. आणि तू चूक सांगितलीस तेव्हाही गप्प बसले."

मास्तरांची बोटं थांबली. 

"किती?"

"दीडशे."

"आज सगळ्यांना कळव," ते म्हणाले. "आधी पुढचं कार्ड वाच."

तेवढ्यात एक बाई दारात आली. तिची मुलगी गेल्या वर्षी गेली होती. "दर महिन्याचं तिचं वजन, उंची, सगळं तुमच्याकडे होतं ना? मला एका कागदावर लिहून हवंय."

डॉक्टरांनी मान खाली घातली. मास्तर उठून उभे राहिले.

"नाही. ते आमच्यामुळे गेलं."

बाई जायला वळली. मग म्हणाली, "शेवटी शेवटी वाढत होती हो ती." आणि निघून गेली.

ताईने बाकीच्या सगळ्यांना कळवलं. आणखी तीन ठिकाणी उशीर झाला होता; डिस्क आधीच पुसली गेली होती. नव्या ऑर्डरी आटल्या, आणि आल्या त्याही मास्तरांनी परत पाठवल्या. ते पुन्हा शाळेत शिकवायला लागले. सिस्टीम जिथे होती तिथेच राहिली. बहिणीशी ते बोलतात, भाजी काय आणायची ते विचारतात. कामाचा विषय मात्र तिच्यापाशी कधी काढत नाहीत, आणि तीही विचारत नाही.