रफार

माझ्या मशिनीचा रफार उठत न्हाई. 'अर्ज' टाईप केला की कागदावर 'अज' येतंय. मंग पेनानं वर आकडा काढायचा. कोरेगावच्या कोर्टाबाहेर चार वर्सं ह्येच चाललंय. मशीन जुनी, साताऱ्यातनं घेतलेली. शिकवलं कुणी न्हाई. लोकांचे दावे टाईप करता करता हात बसला, वाचता वाचता कायदा कळाय लागला. बी.ए. बाहेरनं केलं.

माझं नाव अर्जुन. ते उठतंय 'अजुन'. त्यावरनं नानासो वकील रोज म्हंत्यात, "काय रं अजुन, अजून हितंच?"

अठ्ठ्याहत्तरच्या जूनमधी दोन पत्रं आली. दोन्ही लॉ कॉलेजची. एक पुण्याचं. दिवसभर कॉलेज, होस्टेल, मेस, तीन वर्साला सा हजार. दुसरं सांगलीचं. सकाळचं कॉलेज, फी थोडी.

खरं सांगतो, मला पुनंच पायजे व्हतं. सांगलीचं पत्र उशीखाली घातलं आन पुण्याचं खिशात घेऊन हिंडलो. आबांनी तर यष्टी स्टँडवर चारचौघात सांगून टाकलं, "पोरगं पुण्याला चाललं."

आबा म्हंजे माझे वडील, आकाराम हवालदार. पलटणीतनं रिटायर. सोमवारी सकाळी हातात सातबारा घेऊन माझ्याम्होरं हजर.

"टाईप कर. दोन एकर उसावर कर्ज पायजे म्हनून. सही मी करतो."

सातबाऱ्यावर 'इतर हक्क' असा एक रकाना असतोय. कर्ज काढलं की बँकेचा बोजा त्यात चढतोय. आमचा रकाना कोरा. आबा लोकांना मेडल दाखवावं तसा त्यो दाखवत्यात.

"आबा, ह्यो रकाना भरंल."

"भरू दे. तुझ्यापायी भरंल."

माझा हात काय चालंना. शेजारीच नानासो वकील पान लावत हुबं व्हते. त्यांना सरळ इचारलं, "साहेब, पुण्याला वकील झालो तर पयल्या वर्साला काय मिळंल?"

"चहा."

"आन सांगलीला झालो तर?"

"चहाच. सनद एकच असती गड्या. पर ज्याला टायपिंग येतंय, त्याला संगं भजी."

मी हसलो. आबा हसले न्हाईत.

नानासो मंग त्यांच्याकडं वळले. "हवालदार, गेल्या म्हैन्यात दावा लावायची तारीख मी चुकीची धरली व्हती. मुदत दोन दिसांत संपनार. टाईप करता करता ह्यानं धरलं. न्हाईतर अशिलानं मला झोडपला असता."

"ह्यानं?" आबांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी आत्ताच गाडीतनं उतरलो.

मी त्येवढ्यात बोलून घेतलं. "आबा, मी सांगलीला जातो. सकाळी कॉलेज, दुपारनं तितल्या कोर्टाबाहेर मशीन मांडतो. पोटापुरतं सुटंल." खिशात पुण्याचं पत्र व्हतं.

"म्हंजे मी गावात खोटा पडू व्हय?" आबांचा आवाज चढला. "टाईप कर म्हनलं ना!"

हवालदाराचा हुकूम. बडवलं. खट खट खट. थांबलो. परत खट खट. कागद वढून त्यांच्या हातात दिला.

आबा अक्षर अक्षर लावून मोठ्यानं वाचाय लागले. "कजासाठी अज. अजदार, आकाराम... मुलगा अजुन..." थांबले. "ह्ये काय रं?"

"रफार उठत न्हाई, आबा. पेनानं घालावा लागतोय."

त्यांनी माझं पेन घेतलं. पयला रफार माझ्या नावावर घातला. एवढा मोठा, की वरच्या वळीत घुसला. मंग पेन 'कज'वर नेलं. आन तितंच धरलं. किती येळ.

"ह्यात न्हाई घालत."

"मंग कर्ज कसं व्हईल?"

"न्हाईच व्हनार." कागदाची घडी घालून सातबाऱ्यासंगं खिशात ठेवली. "सांगलीची गाडी किती वाजता असती?" मंग वकिलांच्या जवळ सरकून हळूच म्हनाले, "साहेब, ती मुदतीची गोष्ट जरा स्टँडवर चारचौघात सांगाल का? मी तितं पुनं बोलून बसलोय."

"चहा पाजला तर."

"भजी पन पाजतो."

"भजी खायाची असत्यात, हवालदार."

आमी तिघंबी गेलो. पर स्टँडवर नानासोंना तोंड उघडायची पाळीच आली न्हाई. आबांनीच तीनदा सांगितलं. पयल्यांदा मुदत दोन दिसांत संपत व्हती. दुसऱ्यांदा त्याच दिशी. तिसऱ्यांदा सांगितलं तवा कोर्ट बंद व्हायला पाच मिन्टं ऱ्हायली व्हती, आन आमचा अर्जुन कागद घेऊन पळत सुटला व्हता.