इबादानचे दोन गोल

कोबिना एशुनचं पत्र मला अकरा वर्षांपूर्वी आलं आणि मी त्याला उत्तर पाठवलं नाही. पत्र हरवलं असं म्हणायची सोय नाही. मी चौतीस वर्षं विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या सूची केल्या. माझ्या हातून कागद हरवत नाही. ते पत्र माझ्या कपाटात, किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या इतिहासावरच्या एका जाड पुस्तकात ठेवलेलं होतं. ते पुस्तक कुणीही कधी मागणार नाही, म्हणून मी ते निवडलं होतं.

वहीचा कागद, पेन दाबून लिहिलेलं अक्षर, जेमतेम दहा ओळी. ‘मास्तर, तब्येत बरी असेल. मी एशुन, लॉरी स्टँडमागचा टायरवाला. इबादानला दोन गोल मी मारले हे तुम्हाला ठाऊक आहे. इथे लोक मला खोटारडा म्हणतात. बायको वारली, तिलासुद्धा शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. मला दुसरं काही नको. तुमच्या हातची एक ओळ हवी. उत्तर टपाल कचेरीतल्या चॅपलच्या पेटीवर पाठवा, नंबर ११७.’

माझ्या घरापासून त्याचं दुकान पाऊण तासाच्या वाटेवर आहे. तरी त्यानं टपालानं लिहिलं, कारण विद्यापीठाच्या फाटकावरून त्याला दोनदा परत पाठवलं होतं. मी तर फाटकाच्या आतच राहतो. मला कोण अडवणार होतं?

गेल्या सोमवारी डॉ. ब्लँकसन आले. वय ब्याऐंशी, काठीला चांदीची मूठ. माझ्या टेबलावर त्यांनी कागदांचा गठ्ठा आपटला. ‘विद्यापीठाच्या पुरुष फुटबॉल संघाचा सुवर्ण इतिहास’, छापायला जाण्याआधीची प्रत.

“तुझं इंग्रजी बरं आहे. चुका तेवढ्या काढून दे,” ते म्हणाले. “शुक्रवारपर्यंत.”

मी चाळून पाहिलं. साठ वर्षांत या संघानं एकदाच करंडक जिंकला. उरलेल्या एकोणसाठ वर्षांसाठी लेखकानं ‘नैतिक विजय’ हे शब्द एकतीस वेळा वापरले होते. मी मोजले. लेखक क्रीडाशास्त्राचा प्राध्यापक आहे आणि बंगल्यापासून वर्गापर्यंत गाडीनं जातो. एका वर्षी संघ सात गोलांनी हरला, तर ‘पावसानं घात केला’ असं लिहिलं होतं. समोरचा संघ बहुधा छत्र्या घेऊन खेळला असावा.

“पान बेचाळीस बघ. तू आहेस.”

मी होतो. ‘एबो क्वान्साह, लाजाळू बिबट्या. अंतिम सामन्यात दोन गोल.’

“सर, मी आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नाही.”

“हे तू दर वेळी का म्हणतोस? मला माहीत नाही का?” ते केकचा तुकडा मोडत म्हणाले. “शनिवारी पन्नास वर्षं होताहेत. कुलगुरू तुझ्या खांद्यावर मानाचं केंटे वस्त्र घालतील. तू हात हलवायचा. भाषण करू नकोस, तुला जमतही नाही. मैदानावर प्रेक्षकांसाठी बांधलेल्या नव्या स्टँडला तुझं नाव द्यायचं ठरलंय.”

“आणि एशुन?”

“कोण एशुन?”

“टायरवाला.”

“तो अजून आहे?” त्यांनी मिशीवरचा चुरा झटकला. “बरं झालं आठवण केलीस. फाटकावर सांगून ठेवतो, शनिवारी गोंधळ नको. अरे, तो माणूस नऊ दिवस फुकट जेवला, विमानात बसला. टायरवाल्याला आणखी काय हवं असतं?”

ते गेल्यावर मी त्यांची बशी दोनदा धुतली.

पन्नास वर्षांपूर्वी ब्लँकसन तरुण व्याख्याते होते आणि संघाचे व्यवस्थापक. परदेशात, इबादानला विद्यापीठांचे सामने होते. आमचा आघाडीचा खेळाडू परीक्षेत नापास होऊन घरी गेला होता. ब्लँकसननी गावातला एशुन हेरला. एशुन सहावीपर्यंत शिकलेला आणि फिटरच्या हाताखाली कामाला होता. त्याला न्यायला एका विद्यार्थ्याचं नाव आणि ओळखपत्र हवं होतं. उंची साधारण तेवढी हवी, आणि नऊ दिवस गायब झाला तरी कुणाच्या लक्षात येऊ नये असा मुलगा हवा. त्यांना फार शोधावं लागलं नाही.

ते नऊ दिवस मी ब्लँकसनच्या घरातल्या मागच्या खोलीत काढले. स्वयंपाकीण दारात मक्याच्या पिठाची केंकी आणि तळलेला मासा ठेवून जायची. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाचत होतो. खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे नऊ दिवस होते. तिकडे माझ्या नावानं एशुन धावत होता. एक गोल डाव्या पायानं, एक डोक्यानं.

संघ परत आला आणि कुलगुरूंनी छायाचित्र काढायला बोलावलं. कुलगुरूंना विद्यार्थी चेहऱ्यानं ओळखू यायचे. मग माझ्या अंगात एशुनचा शर्ट चढवला, पायात एशुनचे बूट. शर्ट अजून दमट होता. बूट दोन मापं मोठे, पुढे वर्तमानपत्र कोंबलं. गोल मारणारा म्हणून मला मधोमध खुर्चीवर बसवलं, मांडीवर करंडक दिला. एशुन कुंपणाबाहेर अनवाणी उभा होता. संघाचा एकही जण तिकडे पाहत नव्हता. तो बुटांसाठी थांबला होता. बूट त्याचे स्वतःचे होते.

नंतर मी ते तारांमधून त्याच्या हातात दिले. त्यानं नाड्यांकडे पाहिलं. विद्यापीठातल्या सगळ्यांना तो मास्तरच म्हणायचा.

“मास्तर, अशी नाडी बांधलीत तर पहिल्याच फटक्याला बूट चेंडूच्या पुढे जाईल.”

“बरं,” मी म्हणालो. जसा काही पुढच्या सामन्यात सुधारणार होतो.

ते छायाचित्र पन्नास वर्षं क्रीडा भवनात लटकतं आहे. दहा खेळाडूंच्या बुटांच्या नाड्या तळव्याखालून घेऊन घोट्याभोवती दोन वेढे देऊन बांधलेल्या आहेत, त्या काळी सगळे बांधत तशा. मधल्या खुर्चीवरच्या वीराच्या नाड्या शाळेतल्या मुलासारख्या, वर फूल काढून. चार कुलगुरू, सहा प्रशिक्षक आणि क्रीडाशास्त्राचा एक अख्खा विभाग त्या छायाचित्राखालून ये-जा करत आला. एकालाही ते दिसलं नाही. पुढे ग्रंथालयातली नोकरी मला ‘विद्यापीठाचा गौरव वाढवणारा खेळाडू’ म्हणून मिळाली. ब्लँकसनना तुच्छ लेखणं मला नेहमी सोपं गेलं, पण त्यांनी दिलेल्या खुर्चीवरून मी चौतीस वर्षं उठलो नाही.

बुधवारी मी एशुनच्या दुकानी गेलो. काय बोलायचं ते वाटेत तीनदा घोकलं.

तो पाण्यानं भरलेल्या टबात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत होता. केस पांढरे, पोटऱ्या अजून दगडासारख्या. मला पाहून त्यानं एक जुना टायर पुढे सरकवला, त्यावर फडका अंथरला.

“बसा मास्तर.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात आपल्या मिनीबसच्या चाकासाठी थांबलेला एक ट्रोट्रोवाला ओरडला, “अरे, हे तर क्वान्साह! भवनातल्या फोटोतले. ए इबादान, ऊठ, तुझ्या गोलांचा मालक आला.”

आजूबाजूचे ड्रायव्हर हसले. एशुनला ते ‘इबादान’च म्हणत होते.

“पापा, तुम्हीच सांगा याला एकदाचं,” ट्रोट्रोवाला माझ्याजवळ येऊन बसला. “हा आम्हाला रोज दोन गोल मारून दाखवतो. एक डावा पाय, एक डोकं. डोक्याचा मारताना परवा कंप्रेसरवर आपटला. कुणी मारले ते गोल?”

सगळे माझ्याकडे वळले. एशुननं टबावरून मान वर केली नाही. मला दोनच शब्द बोलायचे होते, बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

“फार वर्षं झाली,” मी म्हणालो.

“बघ!” ट्रोट्रोवाल्यानं मांडीवर थाप मारली. “बघ इबादान, खरा खेळाडू असा असतो. फुशारकी नाही.”

“बुडबुडे इथे आहेत,” एशुन म्हणाला. त्याचं बोट ट्यूबवर होतं. “तू तुझ्या चाकाचं बघ. मास्तरांना त्रास देऊ नकोस, वय झालंय त्यांचं.”

तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे.

मी उठलो. तो हात पुसत मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही एवढ्या अंतरावर येऊन त्यानं विचारलं, “मास्तर, माझं पत्र पोहोचलं होतं का?”

“हो.”

“मग ठीक,” तो म्हणाला. “मला वाटत होतं, पेटीचा नंबर मी चुकीचा लिहिला. चॅपलच्या सेक्रेटरीला अजून विचारतो अधूनमधून.”

त्यानं मान लववली आणि तो परत गेला.

काल मी लिहायला बसलो. तीन कागद फाडले, कारण तिन्हींत मी माझ्याबद्दलच लिहीत होतो. चौथ्यावर एवढंच लिहिलं: ‘इबादानच्या अंतिम सामन्यातले दोन्ही गोल कोबिना एशुन यांनी मारले. त्या वेळी मी डॉ. ब्लँकसन यांच्या घरी मागच्या खोलीत पुस्तक वाचत होतो. छायाचित्रातल्या माझ्या बुटांच्या नाड्या पाहाव्यात. हा कागद कुणालाही दाखवावा.’ खाली पूर्ण सही केली. माझ्याकडची छायाचित्राची प्रत सोबत घातली.

पान बेचाळीसवर माझं नाव खोडून त्याचं लिहिलं. लाजाळू बिबट्या कापला. सोबत चिठ्ठी जोडली की शनिवारी मी येणार नाही. ब्लँकसन माझी दुरुस्ती पुसतील आणि स्टँडला नाव द्यायला दुसरा कुणी शोधतील, हे मला ठाऊक आहे. तरी गठ्ठा आज सकाळी त्यांच्या शिपायाकडे दिला आणि मग टपाल कचेरीत गेलो.

खिडकीवरच्या बाईनं पाकीट उलटसुलट केलं.

“पापा, हे तर आपल्याच गावातलं. तिकिटाचा खर्च कशाला? जाऊन देऊन या ना हातात.”

“गेलो होतो,” मी म्हणालो. “तिकीट लावा.”

तिनं तिकीट लावलं, शिक्का मारला आणि पाकीट पिशवीत टाकायला उचललं. मग पुन्हा पत्ता वाचून ती हसली. “एकशे सतरा. ही काय, माझ्या मागच्याच भिंतीत.”

ती खुर्चीवरून अर्धवट वळली, हात लांब केला आणि पाकीट पेटीत सोडलं. पेटी रिकामी असावी. पत्र्यावर पडल्याचा आवाज मला खिडकीपाशी स्पष्ट ऐकू आला.